माझ्या डोक्यातलं नाशिक

मिसरूड फुटलं तेव्हापासून मी चांदवडहून नाशिकला टमाटे नेतोय, आन् मला रस्ता दाखवणार मोबाइलातली बाई. भाचा ज्ञानेश फोनवर म्हणला, "मामा, लॉन्सचं लोकेशन पाठवलंय, तेवढं लावा." मी म्हणलं, "नाशिकचा नकाशा माझ्या डोक्यात हाय. तू मंडपाचं बघ."

शेजारी बसलेली माझी बायको झुंबर म्हणली, "डोक्यात हाय म्हणं. काल चष्मा डोक्यावर होता आन् घरभर शोधत होते."

लग्न ज्ञानेशच्या बहिणीचं, वैष्णवीचं. तिचे वडील ती लहान असतानाच गेले. तिच्या आईला, माझ्या आक्काला, माझ्याशिवाय दुसरा भाऊ नाय. सुट्टी लागली की वैष्णवी माझ्या पिकअपमध्ये शेजारी बसून नाशिकला यायची. आमच्यात मंगलाष्टकं चालू झाली की नवरीच्या पाठीशी मामा उभा राहतो. पोरीनं मला आधीच बजावलं होतं, "मामा, तुम्ही पाठीशी नसाल तर मी पाटावर उभी राहणार नाय."

आडगाव ओलांडलं आन् घोळ झाला. औरंगाबाद रोडला डावीकडं वळायचं, तर मी बोलता बोलता उड्डाणपुलावर चढलो. खाली द्वारका दिसली, मुंबई नाका दिसला, सगळं ओळखीचं, पण उतरायची वाट दिसेपर्यंत ती मागं जायची. माझ्या नकाशाला वरचा मजलाच नव्हता. थेट पाथर्डी फाट्याला उतरलो. झुंबर खिडकीबाहेर बघत गालात हसली, त्याचाच जास्त राग आला.

परत फिरून औरंगाबाद रोडला आलो, तर दोन्ही बाजूंना लॉन्सच लॉन्स. तीच कमान, तीच फुलं, तोच बँड. कोणाला विचारावं तर माझं नाक आडवं येत होतं. एका कमानीत शिरलो. "नवरीचा मामा," म्हणलं, तर त्या लोकांनी लगेच फेटा बांधला. "या या, तुमचीच वाट बघतोय." मी जाऊन नवरीच्या मागं उभा राहिलो. तिनं वळून पाहिलं. वैष्णवी नव्हती.

"तुम्ही कोण?" ती म्हणली.

झुंबरनं माझी बाही ओढली. "अहो, ही आपली माणसं नायत. चला, नायतर तोंडाचा नकाशा बदलतील."

बाहेर आलो. डावीकडं जावं का उजवीकडं, काय कळेना. खरं सांगतो, लय भीती वाटली. कोणातरी चुलत्याला तिच्या मागं उभं करतील, पोरगी मान खाली घालून उभी राहील, हेच डोळ्यापुढं येत होतं.

तेवढ्यात फोन वाजला. वैष्णवी होती.

"मामा, काय दिसतंय तुम्हाला?"

"लॉन्स. सगळीकडं लॉन्सच हायत गं."

"ते सोडा. आपण लिंबाखाली रस प्यायला थांबायचो, आठवतंय?"

"तो लिंब आता कुठाय?"

"लिंब तोडला. पण समोरचा मारुती हाय ना?"

दोन दुकानांच्या मधे देऊळ दिसलं. "हाय. मागं राहिलाय."

"मग गाडी वळवा. मारुतीच्या पुढं ती विहीर होती, पोरं उड्या मारायची ती. बुजवली. तिथं आता टायरवाला हाय. तिथनं आत या."

तिनं सांगितलं तसा गेलो. अर्ध्या खुणा तर आता जाग्यावरच नव्हत्या, तरी एकदाही चुकल्यासारखं वाटलं नाय. माझा सगळा नक्षा मात्र उतरला होता.

हळद लागलेल्या नवरीनं मांडवाबाहेर पाऊल टाकायचं नसतं. आक्का तर या बाबतीत लय कडक. तरी टायरवाल्यासमोर, ट्रकच्या धुळीत, शालू आवरून, मुंडावळ्या बांधलेली वैष्णवी फोन कानाला लावून उभी होती. मागं आक्का रागानं लाल झालेली, आन् तिच्या मागं भटजी घड्याळ बघत होते.

मी गाडीतून उतरलो. वैष्णवीनं माझ्या डोक्याकडं पाहिलं.

"हा फेटा कुणाचा?"

"नंतर सांगतो."

तिनं डोळे पुसले, वळली आन् चालायला लागली. "मी पुढं चालते, मामा," ती म्हणली, "तुम्ही फक्त पाठीशी राहा."