हातभर उंचीचं 'गुप्त'

साहेब, दवाखान्यातली ती पाटी तुम्ही लावलीत. 'गुप्तरोग विभाग'. हातभर उंचीची भडक लाल अक्षरं, शेजारी बाण, तोही बाकांवर खच्चून बसलेल्या माणसांच्या डोळ्यांसमोर. म्हणायचं गुप्त आणि पिटायची दवंडी! "साहेब, जरा लहान काढू का?" असं पेंटरनं तेव्हा भीतभीत विचारलंही होतं. तुम्ही म्हणालात, "लांबून दिसली पाहिजे." दिसली की! पेंटरलाच दिसली, तीही पेशंट म्हणून आल्यावर.

झालं असं, की अंघोळ करताना पेंटरच्या हाताला नको त्या जागी बारीक फोड लागले. खरखरीत, फ्लॉवरच्या तुऱ्यासारखे. दुखत नव्हते, खुपत नव्हते. जातील आपोआप म्हणून त्यानं कानाडोळा केला, तर ते वाढले. मग त्याच्यातला कारागीर जागा झाला. भिंतीला फुगा आला तर खरवडतो ना आपण? तळपायाच्या चामखिळीचं औषध कपाटात होतंच. चामखीळ ती चामखीळ, पायाची काय नि इथली काय! लावलं.

पुढचा नाच बघायला बायको धावत आली.

"अहो, काय झालं?"

"पायावर गरम पाणी सांडलं!"

"मग पाय धरा ना! भलतंच काय धरून उडताय?"

सांगावंच लागलं. संसारात त्यानं कधी शेण खाल्लं नव्हतं, पण आता हे मानणार कोण?

"आधी पाण्यानं धुवा," ती म्हणाली. "मग दवाखान्यात चला. भांडण आल्यावर करू."

पाटीखाली पोचले, तर शिपायानं ओळखलं. "काय पेंटर, पाटी रंगवायला?"

"हो, हो!" रंगाची पिशवी खांद्याला होतीच. शिपायानं तत्परतेनं स्टूल आणून दिलं. झाली का पंचाईत! पेंटर वर चढला आणि 'रो'वरची मात्रा गिरवू लागला. वर लाल रंग, खाली आग.

"अहो, मात्रा पुरे," बायको खालून ओरडली. "आत नंबर लागलाय तुमचा!"

सगळ्या बाकांच्या माना वळल्या. दातांच्या रांगेतले एक आजोबा म्हणाले, "जा बाबा, तू गेलास की मीही येतो. सकाळपासून इथं बसलोय, ते काय दातांसाठी?" त्यांनी तोंड उघडून दाखवलं. आत एकही दात नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि कपाळाला हात लावला. "पायाचं औषध इथं? इथली कातडी नाजूक. पुन्हा हा उद्योग नाही. चामखिळीच आहेत. विषाणूनं होतात, कातडीला कातडी लागून पसरतात. पुष्कळांना होतात. भाजलेलं भरलं की औषध लावू, नाहीतर गोठवून काढू. परत उगवल्या तर परत या. तोवर जवळीक नको."

"पण आल्या कुठून?" बायकोनं विचारलं.

"ते नाही सांगता येत. विषाणू अंगात महिनोन्महिने, कधी वर्षंही गपचूप राहतो. तुम्हीही तपासून घ्या. आणि गर्भाशयाच्या मुखाची नेहमीची तपासणी असते, ती चुकवू नका. कॅन्सर करणारे या विषाणूचे प्रकार वेगळे असतात, पण तपासणी हवीच."

"म्हणजे हे माझ्याकडूनही आलं असेल?"

"असेलही."

बायकोनं नवऱ्याकडे पाहिलं. "घ्या! भांडायचीसुद्धा सोय ठेवली नाही." पेंटरला इतकं हसू आलं, की जखम झोंबली.

बाहेर स्टूल तसंच होतं. पेंटर चढला, पांढऱ्या रंगाचा ब्रश फिरवला आणि 'गुप्त' पुसून टाकलं.

"साहेब ओरडतील," शिपाई म्हणाला.

"ओरडू देत. मलाही विचारायचंय."

तर साहेब, रोग कातडीचा. तो गुप्त तुम्ही केलात. त्या एका शब्दापायी बोळक्या तोंडाचे आजोबा दातांच्या रांगेत बसले आणि पेंटरनं घरी स्वतःला भाजून घेतलं. गुप्त म्हणजे कुणापासून गुप्त? डॉक्टरपासून? बायकोपासून? पांढरी जागा मोकळी आहे, आणि पेंटर औषधाला परत येणारच आहे, ब्रश घेऊन. तिथं काय लिहायचं ते सांगा!