पुस्तकातल्यासारखा उन्हाळा

सतरा वर्षांची झाली तरी घरात ती चिमणीच होती. आई शाळांचे गणवेश शिवायची, बाबा बसच्या आगारात इंजिनं खोलायचे, आणि सुटीच्या दुपारी मशीनच्या खडखडाटावर आवाज चढवून चिमणी आईला कादंबऱ्या वाचून दाखवायची. सगळ्या एकाच वळणाच्या. सुटीत परदेशी गेलेली मुलगी, समुद्रकाठचं गाव, तिथला एखादा मुलगा, आधी भांडण, मग प्रेम, शेवटी धक्क्यावरचा निरोप.

"एक वाचली की बाकीच्या वाचल्यातच जमा," बाबा म्हणायचे.

"तुम्हीही रोज तीच इंजिनं उघडता की," आई कापडावरची नजर न उचलता म्हणायची.

त्या वर्षी परीक्षा संपता संपता आईने एकदम फर्मान काढलं. चिमणीने उन्हाळा मामाकडे काढायचा. मामा परदेशात, एका बंदराच्या गावी होड्या दुरुस्त करण्याच्या कारखान्यात होता. चिमणीचा कानांवर विश्वास बसेना.

"मग तुला वाचून कोण दाखवणार?"

"मशीन जरा बंदच ठेवणारे मी. पाठ धरलीय. तू जा. एक उन्हाळा तरी पुस्तकातल्यासारखा जगून ये. आल्यावर मला सगळं सांगायचं, काही गाळायचं नाही."

पाठीचं दुखणं चिमणीच्या एका कानाने आत गेलं आणि दुसऱ्याने बाहेर. तिचं सगळं लक्ष बॅगेत होतं.

मामाचं गाव काही पुस्तकातल्या गावासारखं देखणं नव्हतं. धक्क्यावर डिझेलचा आणि मासळीचा वास, खाऱ्या वाऱ्याने भिंतींचे पोपडे निघालेले, आणि मामा-मामीच्या दोन खोल्या एका लाँड्रीच्या वर, त्यामुळे जमीन सदा कोमट. पण मुलगा मात्र होता. कारखान्यात होड्यांच्या बुडाला रंग द्यायचा. पहिल्याच दिवशी चिमणीने ओल्या रंगावर हात टेकला, तसा तो वैतागला.

"डोळे घरी ठेवून आलीस का?"

चिमणी खळखळून हसली. भांडण तर झालं, आता पुढचं, असं तिच्या मनात आलं होतं. त्याला बिचाऱ्याला ते कुठून कळणार?

पुढचंही झालं. काम सुटलं की तो नखांतला निळा रंग खरवडत फाटकापाशी उभा राहायचा. दोघं धक्क्याच्या टोकापर्यंत जात, दगडांवर बसून बोलत. त्याला पोहता येत नव्हतं, आणि हे कारखान्यात कोणाला सांगू नकोस, अशी त्याने तिला गळ घातली होती. चिमणीला तो त्यासाठीच जास्त आवडला.

आईचा फोन नेमका त्याच वेळी यायचा. सुरुवातीला चिमणी भरभरून बोलली. मग थोडं थोडं. मग, "आई, उद्या बोलू का गं?"

"जा जा, पळ," आई म्हणायची. तिचा आवाज बारीक झाला होता, पण एवढ्या लांबून फोनवर तसाच येत असेल, असं चिमणीला वाटलं. चेहरा दाखव म्हटलं, तर फोनचा कॅमेरा बिघडलाय म्हणाली. एकदा मामा म्हणाला, "तिच्याशी जरा नीट बोलत जा." मामीने त्याला डोळ्यांनी दटावलं.

एका दुपारी मुलगा होडी घासत होता आणि चिमणी शेजारी उलट्या डब्यावर बसली होती. मामा हात पुसत आला.

"चिमणे, बॅग भर."

"सुटी संपायला अवकाश आहे अजून."

"ताई बरी नाही. पोटात गाठ होती, आता सगळीकडे पसरलीय. तू इकडे यायच्या आधीच कळलं होतं."

"तुला माहीत होतं?"

"शपथ घातली होती तिने," मामा जमिनीकडे बघत म्हणाला.

चिमणी उठली आणि चालायला लागली. मागे तो मुलगा घासायचा पॉलिश पेपर हातात घेऊन तसाच उभा राहिला.

घरी आली तेव्हा आई पलंगावर निम्मीशी उरली होती. लेकीला बघून तिचे डोळे मात्र उजळले.

"भेटला का गं कोणी?"

चिमणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तू मला फसवलंस."

"हो."

"मी तिकडे खिदळत होते, आणि तू इथे अशी."

"तू खिदळत होतीस, तेवढंच मला बरं वाटायचं," आई दम घेत म्हणाली. "सांग ना."

"नाही सांगणार."

"बरं. उद्या सांग."

दुसऱ्या दिवशीही तिने सांगितलं नाही, तिसऱ्याही नाही. औषधं दिली, चादरी बदलल्या, केस विंचरले, सगळं केलं. तोंड मात्र शिवून घेतलं. आई विचारायची, चिमणी पाण्याचा पेला पुढे करायची. एका सकाळी आईने विचारलंच नाही. हाक मारली तरी डोळे उघडले नाहीत.

डॉक्टर म्हणाले, कदाचित ऐकू येत असेल. चिमणीने खुर्ची उशाशी ओढली आणि सांगायला घेतलं. ओला रंग, पोहता न येणं, पहिल्यांदा हात धरला तेव्हा त्याच्या तळव्याला आलेला टर्पेंटाइनचा वास. काही गाळलं नाही. आईचा चेहरा ढिम्म हलला नाही. बाबा दाराशी उभं राहून सगळं ऐकत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी आई गेली. तिला काही ऐकू गेलं की नाही, हे सांगणारं कोणी नव्हतं.

मामा आला आणि उंबऱ्यापाशीच घुटमळला.

"माझ्यावर राग आहे ना?"

"आहे," चिमणी म्हणाली. "आत ये."

मुलाचे फोन येत राहिले. आधी तो सांत्वनाचं बोलायला बघायचा, पण अठराच वर्षांचा होता, त्याला शब्द सापडायचे नाहीत. मग फोनमधलं अंतर वाढत गेलं. पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर त्याने विचारलं, "येशील?"

"नाही."

"कधीच?"

"माहीत नाही."

पलीकडे कोणीतरी हातोडा घालत होतं. खूप होड्या आल्यात, म्हणाला. काम कर मग, ती म्हणाली.

"कोण होतं?" बाबांनी विचारलं.

"एक मुलगा."

बाबांनी मान हलवली आणि आगारात जायला बूट चढवू लागले.