दीड महिन्याची ट्यूब

मी एक जुनी ट्यूब आहे. टूथपेस्टची नव्हे, मित्रांनो, चेहऱ्याला लावायच्या क्रीमची. पांढरं अंग, निळं झाकण आणि पोटात पन्नास ग्रॅम माल. त्यातला निम्म्याहून अधिक माल अजून माझ्या पोटातच पडून आहे. माणसाचं पोट भरलेलं असलं की लोक त्याला सुखी म्हणतात. आमचं उलट असतं. भरल्या पोटी म्हातारी झालेली ट्यूब म्हणजे फुकट गेलेला जन्म. हे कबूल करायला मला जड जातं, पण गोड बोलून वेळ मारून नेणं माझ्या स्वभावात नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. मोठ्या हंड्यात पाणी, ग्लिसरीन आणि ऊन अडवणारी पूड असं बरंच काही तासन्‌तास घुसळलं आणि माझ्यात भरलं. मला वास मात्र दिला नाही. शेजारच्या पट्ट्यावरून गुलाबाच्या वासाच्या ट्यूबा मिरवत चालल्या होत्या, तेव्हा मी मनातून हिरमुसले. पुढे कळलं की दुखऱ्या त्वचेला वास झोंबतो, म्हणून मला मुद्दाम बिनवासाची ठेवलं होतं. माझ्याकडे दोन कामं होती. त्वचा मऊ ठेवायची आणि ऊन अडवायचं. छातीवर एसपीएफ पन्नास असं छापलं, खालच्या शिवणीवर मुदतीची तारीख उमटवली आणि मला खोक्यात घातलं.

तिथून मी भोपाळला आले. शिवाजी नगरातल्या सरकारी क्वार्टर्सजवळ एक औषधांचं दुकान आहे, तिथल्या काचेच्या कपाटात माझी जागा होती. फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी एक जोडपं आलं. अनंतराव सरकारी कचेरीत काम करत. त्यांच्या वडिलांची नागपूरची कचेरी भोपाळला हलली, तेव्हापासून हे घर इथलंच झालं होतं. त्यांच्या बायकोचं नाव मंजूषा. तिच्या नाकावरून दोन्ही गालांवर लालसर चट्टा पसरला होता आणि बोटांचे सांधे सुजले होते. तपासण्यांत ल्युपस निघाला होता. या आजारात शरीर स्वतःशीच भांडायला लागतं, आणि ऊन लागलं की ते भांडण पेटतं.

अनंतरावांचा हात आधी गुलाबी खोक्याकडे गेला. दुकानदाराने चिठ्ठी वाचली आणि ते खोकं बाजूला सारलं.

"भाईसाहब, ये गोरा करनेवाला है. पर्ची में वो नहीं लिखा. ये लीजिए, बिना खुशबू का."

ते म्हणजे मी. दुकानदाराने एवढंही सांगितलं, की आधी दोन-तीन दिवस कानामागे थोडं लावून बघा, खाज सुटली नाही तरच चेहऱ्याला लावा. दुकानदार चांगला होता.

कानामागे काही झालं नाही. मग डॉक्टरांना दाखवायला मला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी माझं झाकण उघडून मंजूषाच्या दोन बोटांवर, टोकापासून मुळापर्यंत, दोन लांब रेघा काढल्या.

"चेहरे और गर्दन के लिए इतना. रोज सुबह. घर में रहें तब भी. धूप में बैठना पड़े तो हर दो घंटे में दोबारा."

"बापरे, इतना?" मंजूषा म्हणाली.

"इतना ही. ये ट्यूब डेढ़ महीने में खतम होनी चाहिए. अगली बार साथ लाइए. भरी मिली तो मैं समझ जाऊँगा."

मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं. दीड महिन्याचं आयुष्य, पण कामाचं. मला तेवढं पुष्कळ होतं.

आता मंजूषाविषयी सांगते. ती वाईट नव्हती, आळशी तर मुळीच नव्हती. ती टूथपेस्टच्या ट्यूबवरून लाटणं फिरवून आणखी चार दिवस काढत असे. साबणाची चिपटी नव्या वडीला चिकटवत असे. वस्तू पुरवून वापरायची, हे तिच्या हाडात मुरलं होतं. मला तिने हळदीकुंकवाच्या डब्याशेजारी वरच्या फळीवर ठेवलं आणि रोज माझ्यातून टिकलीएवढं क्रीम काढलं. दोन बोटांऐवजी एक टिकली! तेही बाहेर जायचं असेल तर. घरी असली की तेवढंही नाही. एका महिन्यानंतर अनंतरावांनी मला उचलून पाहिलं आणि मुलीला म्हणाले, "बघ तन्वी, तुझी आई किती जपून वापरते. तुझी बॉडी लोशनची बाटली आठ दिवसांत साफ!" मंजूषा हसली. माझ्या आयुष्यात माझं कौतुक झालं ते हे एवढंच, आणि ते मी न संपल्याबद्दल झालं. मला राग आला होता. अजून येतो.

तन्वी कॉलेजात जायची. भोपाळच्या मुली जशा डोळे सोडून सगळं तोंड ओढणीत गुंडाळून स्कूटीवर निघतात, तशीच तीही निघे. ती जाताना आईला म्हणायची, "आई, लगा ले ना यार. तुझ्यासाठी आहे ते."

"मी कुठे बाहेर चालली आहे? तूच लाव थोडं, तू उन्हात जातेस."

आणि आईच्या आग्रहापायी तन्वी कधी कधी माझ्यातलं थोडं लावायची. दुपारी अनंतरावांचा कचेरीतून फोन येई. "औषध घेतलं? क्रीम लावलं?" गोळ्या ती वेळेवर घ्यायची. त्यामुळे "हो, हो, सगळं झालं" असं ती एका दमात सांगून मोकळी व्हायची. मी फळीवरून ऐकत असे. तिला ते खोटं वाटतच नव्हतं. गोळी म्हणजे औषध, आणि मी म्हणजे नटणं-मुरडणं, असा तिचा हिशेब होता. शेजारीण एकदा मला बघून म्हणाली, "लावून राहिली का तू हे? काही गोरी दिसत नाही बाई." पी हळद आणि हो गोरी! मी गोरं करायला आले नव्हते, मित्रांनो. मी राखायला आले होते.

मार्चच्या शेवटी नागपूरहून अनंतरावांच्या बहिणीचा, रत्नप्रभाचा फोन आला. तिच्या मुलीचं लग्न मे महिन्यात होतं.

"वहिनी, तुझ्या हातच्या कुरड्यांशिवाय रुखवत कसं मांडायचं? पांढऱ्याशुभ्र हव्या. विकतच्या नकोच."

मंजूषाच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी तजेला आला! आजार झाल्यापासून सगळे तिला हे करू नको, ते उचलू नको एवढंच सांगत होते. कुणीतरी तिच्याकडे काही मागितलं, याचाच तिला आनंद झाला. नणंदेला आजाराचं धड सांगितलेलंच नव्हतं. लग्नघरात कशाला, असं दोघांचं मत पडलं. तिने गहू आणले, निवडले आणि भिजत घातले.

कुरडईचा गहू तीन दिवस भिजवतात, रोज पाणी बदलतात, मग वाटून त्याचा चीक काढतात. तिसऱ्या दिवशी तो वाटलाच पाहिजे. नेमकी त्याच दिवशी डॉक्टरांची तारीख होती.

"आई, आज डॉक्टरकडे जायचंय ना? ट्यूब पण न्यायची होती," तन्वी म्हणाली.

"आज कशी जाऊ? गहू भिजलेत. आंबले जास्त तर कुरडईला वास येतो. पुढच्या आठवड्यात जाऊ."

अनंतराव बुटाची नाडी बांधत होते. ते म्हणाले, "हो, भिजलेले गहू टाकून कसं चालेल?" एवढं बोलून ते कचेरीत गेले. घरातल्या तिघांनाही त्यात काही चुकीचं वाटलं नाही. पुढच्या आठवड्यात दुसरा गहू भिजला. रुखवताला एका घाण्यात भागत नाही.

एप्रिलमधलं भोपाळचं ऊन तुम्हाला ठाऊक असेल. सकाळी नऊलाच गच्ची तापायला लागते. मंजूषा सोऱ्या घेऊन वर जायची, साडीवर एकेक कुरडई पाडायची. मग कबुतरं आणि माकडं येऊ नयेत म्हणून तिथेच बसून राहायची. डोक्यावर पदर, बस्स. दुपारी कुरड्या उलटायच्या. हे कितीतरी दिवस चाललं.

एक दिवस तन्वी मला घेऊन गच्चीवर आली. कॉलेजला उशीर होत होता, तरी आली.

"आई, काय करून राहिली तू? सकाळपासून उन्हात! आधी हे लाव."

"हात चिकाचे आहेत गं माझे. ठेव तिथे कठड्यावर, लावते."

"पक्का?"

"पक्का. जा तू, उशीर होईल."

तन्वीने मला कठड्यावर ठेवलं आणि ती जिना उतरून गेली. मी मंजूषापासून दोन हातांवर होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसं. तिथे पडल्यापडल्या मला तिचे गाल दिसत होते. चट्टा आधी गुलाबी होता, मग लाल झाला. ती सोऱ्या दाबत होती, गाणं गुणगुणत होती, मधेच मनगट चोळत होती. मी ओरडू शकले असते तर घसा फुटेस्तोवर ओरडले असते. ऊन अडवणं हेच माझं काम, आणि मी झाकण लावून त्याच उन्हात तापत होते. आत माझं क्रीम पातळ होऊन फाटलं. आम्हाला तापलेल्या जागी ठेवू नये म्हणतात, ते याचसाठी. संध्याकाळी तिने साडी गोळा केली, मलाही उचललं आणि पदराने पुसून फळीवर ठेवलं. लावायचं राहिलं, हे तिच्या लक्षातही नव्हतं.

मे महिना लागला तशी तिला कणकण येऊ लागली. पावलं सुजली, चप्पल चढेना. ती म्हणाली, दगदग झाली असेल. कुरड्यांचे डबे नागपूरला रवाना होईपर्यंत ती कुणाला काही बोलली नाही. लग्नाला तिला जाता आलं नाही, कारण त्या दिवशी ती इस्पितळात होती. रत्नप्रभाचा फोन तिथेच आला. "वहिनी, सगळे विचारून राहिले, कुणी केल्या म्हणून! फोटो पाठवलाय, बघ." मंजूषाने फोटो बघितला आणि फोन तन्वीकडे दिला. तिला तो हातात धरवत नव्हता.

औषधांच्या पिशवीतून अनंतरावांनी मलाही तिथे नेलं होतं. डॉक्टरांनी पिशवीतून मला काढलं आणि दोन बोटांत दाबलं.

"ये तो भरी हुई है."

"सर, वो तो रोज बोलती थी, लगा लिया," अनंतराव म्हणाले.

"सिर्फ धूप से हुआ, ये मैं नहीं कहूँगा. ये बीमारी बिना धूप के भी भड़कती है. पर धूप ने आग में घी तो डाला."

मीसुद्धा तेच सांगेन. मी काही संजीवनी नव्हते. मी रोज लावली गेले असते तर ती वाचलीच असती, असं छातीठोकपणे मला म्हणता येत नाही. पण तिच्या वाट्याची एक ढाल तिच्याच घरात पडून राहिली, एवढं मात्र खरं आहे.

डॉक्टर गेल्यावर मंजूषा नवऱ्याला हळूच म्हणाली, "अहो, मला वाटलं, रस्त्यावर गेलं तरच ऊन लागतं. गच्चीवरचं तर आपल्या घरचंच ना."

अनंतरावांनी तिचा हात धरून ठेवला.

तिची मूत्रपिंडं निकामी झाली, मग छातीत संसर्ग झाला. जुलैमधल्या एका मंगळवारी दुपारी ती गेली. त्रेचाळीस वर्षांची होती.

तेराव्यानंतर तिची फळी आवरायचं काम तन्वीने केलं. मी हाती लागले तशी ती तिथेच जमिनीवर बसली. अनंतराव धावत आले. त्यांना वाटलं, आईच्या वाटणीचं आपण लावलं म्हणून ती रडते आहे. त्यांनी तिला जवळ घेतलं, म्हणाले, "वेडी का तू? ही बघ, किती उरली आहे. तू लावलंस म्हणून कमी नाही पडलं."

"ते नाही हो, बाबा," ती म्हणाली. "ती म्हणाली, हात चिकाचे आहेत. माझे हात तर स्वच्छ होते. मी का नाही लावून दिलं? दोन मिनिटं लागली असती."



आता माझी मुदत टळली आहे आणि उन्हाने माझा माल बिघडला आहे. मला कुणी वापरू नये, हेच बरोबर. तन्वीने मला टाकलं नाही, तिच्या टेबलाच्या खणात ठेवलं आहे. मित्रांनो, मला तुमच्याकडे एकच मागायचं आहे. घरात कुणासाठी काही औषध आणलं असेल, मलम असेल, डोळ्यांचे थेंब असतील, माझ्यासारखी एखादी ट्यूब असेल, तर "लावलं का?" असं दारातून विचारून निघून जाऊ नका. आई हो म्हणेल. आईला नेहमीच दुसरं काम असतं. तिचे हात कणकेचे असतील, साबणाचे असतील, चिकाचे असतील. तुम्ही तुमचे हात धुवा, तिच्यासमोर बसा आणि तिच्या गालांना तुम्हीच लावा.