जन्मवेळेची दुरुस्ती

माझा धाकटा भाऊ कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचा आणि घरी कुंडल्या मांडायचा. दोन्ही एकाच डोक्यात कसं मावतं, असं लोक विचारायचे. मी म्हणायचे, रिकाम्या घरात काय, कितीही भाडेकरू मावतात. चौतीस वर्षं प्रसूतिगृहात नर्स म्हणून काढलेली बाई मी, माझ्या जिभेला हाड नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं.

निवृत्त झाल्यावर तो एका पुस्तकाच्या मागे लागला. जगातले मोठमोठे तत्त्वज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ, त्यांच्या कुंडल्या, आणि कुठल्या ग्रहामुळे कुणाला कुठला विचार सुचला ते. त्यांची नावं मला उच्चारता येत नसत, म्हणून मी आपली टोपणनावं ठेवली. मनाला एक अंधारं तळघर असतं आणि माणूस तिथूनच हलवला जातो म्हणणारा, तो तळघरवाला. माणसाचं काहीच आधी ठरलेलं नसतं, तो स्वतःच स्वतःला घडवतो म्हणणारा, तो मोकळाबुवा. आणि जे घडतं त्याशिवाय दुसरं काही घडूच शकत नसतं म्हणणारा, तो भिंगवाला, कारण तो पोटासाठी भिंगं घासायचा. भिंगवाला आमचा लाडका होता. चिंगीही चष्म्याच्या कारखान्यात भिंगंच घासायची ना!

चिंगी म्हणजे भावाची मुलगी. सव्वीस वर्षांची घोडी झाली तरी चिंगीच. ती अकरा वर्षांची असताना तिची आई घर सोडून गेली. भाऊ म्हणाला, "ताई, हे कुंडलीत होतंच." मी म्हटलं, "होतं तर अडवलं का नाहीस, मेल्या? दाराला कडी तरी लावायचीस." त्याच आठवड्यात मी माझं सामान घेऊन त्यांच्याकडे राहायला आले, आणि चिंगीची वेणी माझ्या हातात आली ती कायमची.

त्या थोर माणसांपैकी निम्म्यांची जन्मवेळ कुणी लिहूनच ठेवलेली नव्हती. मग भाऊ ती 'दुरुस्त' करायचा. म्हणजे उलटं गणित. माणूस आजारी कधी पडला, लग्न कधी मोडलं, मेला कधी, हे सगळं मांडायचं आणि ते चपखल बसेल अशी जन्माची वेळ शोधून काढायची. "म्हणजे सदरा आधी शिवायचा आणि मग त्याच्या मापाचा माणूस धुंडाळायचा," मी म्हणायचे. चिंगी खो खो हसायची. भाऊ रुसून चहा तसाच टाकायचा.

गेल्या वर्षी तिचं हसणं बंद झालं. आधी कामावर जाणं सुटलं, मग केस विंचरणं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. डॉक्टरीणबाईंनी नैराश्य म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या, दर आठवड्याला बोलायला बोलावलं. हळूहळू फरक पडेल, म्हणाल्या. हळूहळू म्हणजे किती, ते काही त्यांना सांगता येईना.

भावाने सांगितलं. तीन दिवस कागदात डोकं घालून बसला आणि चौथ्या दिवशी तिच्या पलंगापाशी जाऊन म्हणाला, "बाळा, पुढच्या महिन्याच्या एकोणीस तारखेला शनीचा काळ संपतो. तेवढं काढ. मग उतार आहे."

चिंगीने ती तारीख घट्ट धरली. गोळ्या वेळेवर घ्यायला लागली. दोन घास खायची. डॉक्टरीणबाईंकडेही स्वतःहून जायची. सकाळी मी चहा घेऊन गेले की म्हणायची, "आत्या, अजून बेचाळीस." दुसऱ्या दिवशी, "एक्केचाळीस." भाऊ माझ्याकडे असा बघायचा, जसं काही त्यानेच शनीला कान धरून बाहेर काढलंय.

मला मात्र ते मोजणं ऐकवत नसे. कारण ज्या जन्मवेळेवरून भावाने ती तारीख काढली, ती मी लिहिलेली होती. चिंगी माझ्याच हातांवर जन्मली. भावजयीचा रक्तस्राव थांबेना, डॉक्टर वाटेत, शेजारच्या खाटेवर दुसरी बाई कळा देतेय. पोर रडली एवढं ऐकलं, पुसली, गुंडाळली, बाजूला ठेवली. घड्याळाकडे बघायला डोळे होते कुणाला! सगळं निस्तरल्यावर, तासाभराने असेल किंवा दीड तासाने, रजिस्टर समोर ओढलं आणि अंदाजाने ठोकून दिलं, चार वाजून दहा. आम्ही सगळ्याच तसं करायचो. बाळ जिवंत, आई जिवंत, मग पाच-पंचवीस मिनिटांनी कुणाचं काय अडतं? आणि भाऊच मला कधीतरी शिकवून गेला होता की जन्मवेळ चार मिनिटांनी सरकली तर अशी तारीख पंधरा-वीस दिवसांनी सरकते. म्हणजे एकोणीस तारखेला काही अर्थच नव्हता.

तेवढ्यावर मी गप्प बसले असते. पण त्याच आठवड्यात भावाने मला नवं प्रकरण वाचून दाखवलं. एक मानसशास्त्रज्ञ, छळछावणीतून जिवंत सुटलेला. त्याने तिथे पाहिलं होतं की कैदी मनाशी सुटकेची एखादी तारीख धरतात, आणि ती तारीख कोरडी गेली की माणसं आतून ढासळतात, आजारी पडतात, मरतात. भाऊ कौतुकाने वाचत होता. त्या माणसाचा गुरू किती बलवान, वगैरे. मी म्हटलं, "अरे, तू काय वाचतोयस ते तुला कळतंय का? वीस तारखेला पोरीचं काय होईल?"

"वीस तारखेला ती बरी असेल," तो म्हणाला.

पालथ्या घड्यावर पाणी! डॉक्टरीणबाईंना विचारायला हवं होतं. फोन समोर होता. पण चौतीस वर्षांची नर्स ना मी, मला काय कुणी शिकवावं? मी ठरवलं, तारीख फुटायच्या आधी आपणच ती हळूच काढून घ्यावी, टाके काढतात तशी.

भाऊ वाचनालयात गेला होता. चिंगी स्वयंपाकघरात येऊन बसली होती, महिन्याभरात पहिल्यांदा. म्हणाली, "आज तेवीस."

मी भांडी विसळता विसळता सगळं सांगितलं. रजिस्टर, रक्त, अंदाजे लिहिलेले चार दहा. म्हटलं, "त्या तारखेवर राहू नकोस गं राणी. बरी तू होशीलच, पण ग्रहांच्या तालावर नाही. औषधाने होशील. वेळ लागेल तेवढा लागेल."

ती शांतपणे ऐकत राहिली. मग विचारलं, "म्हणजे कधी संपणार, हे कुणालाच माहीत नाही?"

"नाही," मी म्हटलं. "कुणालाच नाही."

"बरं झालं सांगितलंस, आत्या," ती म्हणाली आणि माझ्या हातातलं पातेलं घेऊन पुसायला लागली. मला वाटलं, शाबास! पोरगी समजूतदार आहे. त्या दिवशी मी स्वतःवर खूश होते. लाज वाटते सांगायला, पण होते.

तिचं मोजणं थांबलं. मला ते चांगलंच लक्षण वाटलं. भावाला मी काही बोलले नाही, तिनेही नाही. बाराव्या दिवशी, भर दुपारी, आम्ही दोघं घरात असताना चिंगीने जीव दिला. कसा ते मी सांगणार नाही. नंतर तिचं गोळ्यांचं पाकीट उघडलं, तर आमचं बोलणं झालं त्या दिवसापासूनच्या सगळ्या गोळ्या तशाच होत्या. परक्यांच्या गोळ्या मी जन्मभर मोजून दिल्या. हिच्या मोजल्या नाहीत.

तिला निरोप देऊन घरी आल्यावर मी भावाला सगळं सांगितलं. वाटलं, हा ओरडेल, मला घराबाहेर काढेल. काढायला हवं होतं. तो उठला. आपल्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. पाच आठवडे तो जेमतेम जेवत होता, दाढी करत नव्हता. आता याचीही पाळी, असं मला रोज वाटायचं, आणि मी काही ना काही निमित्ताने त्याच्या दाराशी जाऊन कानोसा घ्यायचे.

मग एका सकाळी तो कागद घेऊन बाहेर आला.

"ताई, मी वेळ दुरुस्त केली. तिची आई गेली ती तारीख, आजार सुरू झाला ती, आणि... ही. तिन्ही घटना एकाच वेळेवर बसतात. तीन वाजून सत्तावीस मिनिटं." त्याने कागद माझ्यापुढे ठेवला. "ही वेळ खरी असेल, तर हे ठरलेलंच होतं. त्याच महिन्यात. तू सांगितलं असतंस किंवा नसतंस. मी ती तारीख दिली असती किंवा नसती. कुणाचाच दोष नाही, ताई. तुझाही नाही."

माझ्या तोंडाशी आलं होतं, अरे मेल्या, पुन्हा सदराच शिवलास! चिंगीच्या मरणाचं माप घेऊन तिचा जन्म शिवलास! मी मान वर केली. त्याचे डोळे खोल गेले होते, आणि तो माझ्या तोंडाकडे असा बघत होता, जणू त्याला श्वास घ्यायलाही माझी परवानगी हवी होती.

"आठवून सांग," तो म्हणाला. "साडेतीनच्या आसपास होतं का? तूच होतीस तिथे. तुझ्याशिवाय कुणाला माहीत असणार?"

मला आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. नुसता पोरीचा आवाज आठवतो.

"हो," मी म्हटलं. "खालच्या दुकानाचं शटर साडेतीनला उघडायचं. ते वाजलं तेव्हा ती पुसून झाली होती. आत्ता आठवलं."

शटर नव्हतं. दुकानही नव्हतं. भाऊ खुर्चीत बसला आणि लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. मग तोंड धुतलं, दाढी केली, आणि ताटात वाढलेलं सगळं जेवला. वर आणखी मागितलं.

मी वाढत राहिले. त्याला मी खोटं सांगितलं, आणि तो जगेल. चिंगीला मी खरं सांगितलं होतं.