आईचा उपसागर

सागरी नकाशांच्या कचेरीत दादा आणि त्याची धाकटी बहीण समोरासमोरच्या टेबलांवर बसत. कर्कटक कसं धरायचं हे तिला दादानेच शिकवलं होतं, आणि आता किनाऱ्याचं काही अडलं की साहेब थेट धाकटीच्या टेबलाशी जात. दादाचा नुसता जळफळाट होई.

तरी एक गोष्ट त्याची एकट्याची होती. वीस वर्षांपूर्वी उत्तरेच्या दोन भूशिरांमधलं पाणी त्याने उपसागर म्हणून नोंदवलं आणि त्याला आईचं नाव दिलं. तो नकाशा आईने चौकट करून स्वयंपाकघरात लावला होता. नळ दुरुस्त करायला माणूस आला, तरी आई काचेवर बोट ठेवून त्याला सांगे, "हा समुद्र माझा. लेकाने दिलाय."

मग धाकटीने दक्षिणेला नवा उपसागर आखला. त्याच रविवारी आई म्हणाली, "दादा, हातोडी आण रे. हिचाही लावू, तुझ्या शेजारी."

हातोडी सापडत नाही म्हणून दादाने हात झटकले. ती त्याच्या नाकासमोर, ओट्यावरच होती.

सोमवारी त्याने साहेबांपुढे एक कागद सरकवला. नियम जुनाच होता, फक्त कोणी मनावर घेत नसे. पाण्याच्या तोंडाशी एका भूशिरापासून दुसऱ्यापर्यंत रेघ ओढायची आणि त्या रेघेवर अर्धवर्तुळ काढायचं. आतलं पाणी अर्धवर्तुळाहून कमी भरलं, तर तो उपसागर नव्हे, किनाऱ्याचं नुसतं वळण. धाकटीचा उपसागर दादाला पहिल्यापासून पसरट वाटत होता. आता हिची चांगली जिरणार, या आनंदात त्याने सगळ्यांना चहा पाजला.

"उत्तम!" साहेब म्हणाले. "छपाईआधी सगळेच मोजून टाक. तूच मोज."

त्यातला 'सगळेच' दादाच्या डोक्यात शिरायला दुपार उजाडली.

धाकटीचा उपसागर आरामात कसोटीला उतरला. दादाने तोंड वाकडं करून आईचा घेतला. रेघ ओढली, अर्धवर्तुळ काढलं, आतल्या पाण्याचे चौकोन मोजले. नऊ कमी. पेन्सिलीला टोक करून पुन्हा मोजले. नऊच. तरुणपणी त्याने सगळं नजरेनेच ठरवलं होतं. आईला काहीतरी मोठं द्यायचं होतं ना!

रेघ जरा आत, भूशिराजवळच्या एका खडकापासून धरली तर? त्याने पट्टी हळूच सरकवली.

"नको दादा," मागून धाकटी म्हणाली. "तो खडक भरतीला बुडतो. मी तेही करून पाहिलंय."

"तू? कधी?"

"इथे लागले त्या पहिल्याच आठवड्यात. तू कर्कटक शिकवलंस, म्हणून हौसेने तुझाच उपसागर मोजायला घेतला."

"आणि सहा वर्षं बोलली नाहीस?"

"कोणाला सांगणार होते? आईला?" ती आपल्या टेबलाकडे गेली आणि कामाला लागली.

दादाने ब्लेड घेतलं आणि छपाईच्या नकाशावरचा, आईच्या नावापुढचा 'उपसागर' स्वतःच्या हाताने खरवडून काढला. तिच्या सुबक रेघेचा, साहेबांच्या कौतुकाचा त्याने आजवर हेवा केला होता. पण ती सहा वर्षं गप्प बसली, याचा हेवा त्या सगळ्याहून जास्त झोंबला. तिच्या जागी तो सहा दिवससुद्धा गप्प बसला नसता.

रविवारी हातोडी लगेच सापडली. त्याने खिळा ठोकला, धाकटीचा नकाशा टांगला आणि सरळ केला. आई दोन्ही चौकटींसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काही म्हणा," आई म्हणाली, "दादाचा जरा मोठा दिसतो."

"मोठाच आहे," धाकटी म्हणाली.