धाकट्याची पाळी

मित्रांनो, माझ्याजवळ येताना तुम्ही नाक दाबलंत तरी मला राग नाही. मी एक जुना पंप आहे, आणि तोही सांडपाण्याचा. धारूरच्या वाटेवरच्या एका गावाचं सगळं सांडपाणी माझ्या विहिरीत उतरतं. मी ते लांबलचक नळातून माळावरच्या शुद्धीकरणाच्या टाकीत चढवतो. अकरा वर्षं बिनतक्रार चढवलं. दसऱ्याला झेंडूचं पहिलं फूल माझ्या अंगावर पडायचं आणि मी फुगून जायचो.

मग गाव वाढलं. माझ्या शेजारी तिप्पट ताकदीचा नवा पंप आला. सगळे त्याला थोरला म्हणू लागले आणि मला धाकटा. नळ मात्र दोघांत एकच. दोघं मिळून भरपूर पाणी चढवतील असं सगळ्यांना वाटलं होतं, पण झालं भलतंच. थोरला सुरू झाला की नळात पाण्याचा असा रेटा यायचा, की माझ्या पुढची झडप उघडायचीच नाही. मी जागच्या जागी फिरून तापायचो, पण थेंब पुढे सरकत नसे. त्या दसऱ्याला पहिलं फूल थोरल्याला मिळालं. पुढे इंजिनिअर उज्ज्वला मॅडम पाहणीला आल्या आणि सोमवारी मला भंगारात काढायचं ठरलं. खरं सांगतो, मी पार खचलो.

रविवारी दुपारी पंप चालवणाऱ्या बंकटची आई, सारजाबाई, त्याची भाकरी घेऊन आली. तिचा जन्म शेळ्या-मेंढ्यांमागे गेलेला. तिने माझ्या तापलेल्या अंगाला हात लावला आणि विचारलं, हा एकटा असताना पाणी ओढायचा का? लई ओढायचा, बंकट म्हणाला.

"मग दांडग्या बोकडासंगं याला एकाच गव्हाणीला काहून बांधलास? त्यो याला तोंड घालू देत न्हाई. पाळी लाव की."

बंकटने हसत हसत थोरल्याला बंद केलं आणि मला एकट्याला चालू केलं. झडप खाडकन उघडली! विहिरीतलं पाणी हां हां म्हणता खाली गेलं.

सोमवारी भंगाराची गाडी दाराशी उभी असताना बंकटचं ऐकून मॅडमनी तेच करून पाहिलं. मग पायरीवर बसून कागदावर आम्हा दोघांच्या जोराच्या दोन रेघा ओढल्या, थोरल्याची कितीतरी वर गेलेली पाहिली आणि स्वतःवरच हसल्या. म्हणाल्या, "चूक याची नाही, आमची आहे." गाडी रिकामी परत गेली.

आता सकाळी गावाच्या आंघोळी-धुणी चालतात तेव्हा थोरला राबतो. दुपारी पाणी कमी येतं, तेव्हा माझी पाळी. दोघंही मजेत आहोत.

मित्रांनो, मोरीत चिंध्या आणि पिशव्या टाकू नका, त्या माझ्या पोटात अडकतात. आणि एखादं यंत्र फिरूनही काम करेना, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी त्याची वाट कुणी अडवली आहे का, तेवढं बघा.

यंदाच्या दसऱ्याला सारजाबाई परडीभर झेंडू घेऊन आली. बंकट सवयीने थोरल्याकडे वळला, तसा तिने त्याचा हात धरला.

"आदी धाकट्याला."

धाकटा! अहो, मी त्याच्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठा आहे. पण फूल अंगावर पडलं होतं, म्हणून मी काही बोललो नाही.