खांबाचा होकार

चौकातल्या दगडी खांबाभोवती उभं राहायला जागा नव्हती. गच्च्यांवर माणसं, हौदाच्या कठड्यावर माणसं. न्हाव्याच्या दुकानातलं गिऱ्हाईक अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून बाहेर आलं होतं. जलबाबांनी मोठी काळी छत्री उघडली, खांबाला हात लावला आणि विचारलं, "सांग लेकी, तू तहानलेली आहेस का?"

मग ते बोलत राहिले. पाण्याला आठवण असते, पाणी रडतं, पाणी रुसतं. परदेशातल्या शास्त्रज्ञांनीही हे मान्य केलंय, म्हणाले. कुठल्या परदेशातल्या, ते सांगितलं नाही. त्यांचं बोलणं संपत आलं आणि खांबाच्या पोटातून एक लांब, ओला उसासा आला. बायकांनी तोंडावर हात ठेवले. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण बाबांनी जिला लेक म्हटलं ती माझी बायको होती. तिला जाऊन चार महिने झाले होते.

आमच्या गावाचं पाणी जुन्या पद्धतीचं. डोंगरातला झरा, तिथून जमिनीखालून भाजक्या मातीचे नळ, खाली चौकात हौद. नळात कोंडलेली हवा बाहेर पडावी म्हणून वाटेत पोकळ दगडी खांब उभे केलेत. आम्ही त्यांना उसासेच म्हणतो. पूर्वी दर उन्हाळ्यात प्रत्येक घर आपल्या वाट्याचा नळ साफ करायचं. घरोघरी नवे नळ आले आणि ते बंद पडलं. पुढे नव्या नळांचं पाणी आटलं तेव्हा लोक हौदावर परत आले. सफाईला मात्र कुणी परत आलं नाही.

मी पाटकरी. पाणी सोडायचं, बंद करायचं, ज्याची पाळी त्याला द्यायचं. झऱ्यावरच्या खोलीची किल्ली वडिलांनंतर माझ्या कमरेला आली.

त्या दिवशी बायकोला ताप होता. ती म्हणाली, आधी पाणी सोडून या, लोक खोळंबतील. मी गेलो. परत आलो तेव्हा ती गेली होती आणि उशाशी पाण्याचा पेला भरलेला होता. तिचा हात पोचला नाही की तिला तहानच नव्हती, मला माहीत नाही. हे मी शेजारणीजवळ एकदाच बोललो. बाबांपर्यंत पोचायला तेवढं पुरलं.

त्यानंतर मी किल्ली फिरवून घरी येत होतो. नळाच्या वाटेनं एकदाही चाललो नाही. हौद उतरत गेला. बाबा आले आणि त्यांना लगेच कारण सापडलं: पाटकऱ्याची बायको तहानेनं गेली, तीच गावाचं पाणी पितेय. एक उसासा म्हणजे हो, दोन म्हणजे नाही, आणि रोज एकच प्रश्न. किल्ली बाबांच्या हातात द्यावी अशी तिची इच्छा आहे का, हेही त्यांनी दुसऱ्या दिवशी विचारलं. खांब हो म्हणाला.

लोक वाईट नव्हते, त्यांच्या घागरी रिकाम्या होत्या. शिंपी माझा लहानपणापासूनचा मित्र. त्यानं खांद्यावर हात ठेवला. "देऊन टाक रे. वहिनी तरी सुटतील."

रिकाम्या नळात पाणी शिरलं की पुढची हवा खांबातून बाहेर पडते, हे मला ठाऊक होतं. पण झऱ्याची खोली कुलपात आणि किल्ली माझ्याजवळ. मग मध्येच पाणी अडवणार कोण आणि सोडणार कोण? उत्तर सुचेना. मनात अपराध होताच, तो उत्तराच्या जागी येऊन बसला. उद्या किल्ली देतो, असं मी सगळ्यांसमोर कबूल केलं.

लेक गेल्यापासून सासूबाई माझ्याकडे राहतात. त्या शाळेत शिकवायच्या. अर्ध्या गावाचे कान त्यांनी पिळलेले आहेत. घरी आल्यावर त्या तांदूळ निवडत बसल्या आणि मान वर न करता म्हणाल्या, "जावईबापू, ती माझी मुलगी नाही."

मी त्यांच्यासमोर बसलो.

"आपलं विचारून संपायच्या आत तिचं उत्तर तयार असायचं. जन्मात तिनं कुणाला एवढं ताटकळत ठेवलं नाही. आणि सगळ्याला हो? तुम्हाला कधी लागोपाठ हो म्हणाली होती?"

मला हसू आलं. ती गेल्यानंतर पहिल्यांदाच. हसलो याची लगेच लाज वाटली.

सासूबाईंना छत्रीही खटकली होती. सूर्य डोंगराआड गेला होता, मग बाबा ती कुणासाठी उघडत होते?

उजेड होता तोवर मी नळाच्या वाटेनं वर गेलो. निम्म्या वाटेवर गाळाची टाकी आहे. पाणी तिथे थांबतं, गाळ खाली बसतो, वरचं पाणी पुढे जातं. तिच्या झाकणाला कुलूप नाही, भोवतालच्या काट्यांचीच राखण. काटे तोडलेले होते. बाजूला चिंध्यांनी ठासलेली ओली गोणी, तिला दोर, शेजारी शेंगांची टरफलं. तिथून चौक तळहातासारखा दिसतो.

गोणीनं पुढच्या नळाचं तोंड बुजवायचं. टाकी भरते, खालचा नळ रिकामा होतो. चौकात छत्री उघडली की दोर ओढायचा. साठलेलं पाणी एकदम सुटतं आणि हवेला पुढे ढकलत जातं. ते चौकात पोचेपर्यंत बाबांचं प्रवचन. आणि एकदा पाणी सुटलं की टाकी उतरते, दुसरा उसासा निघतच नाही. म्हणून बिचारीला नाही म्हणता येत नव्हतं.

टाकीत गुडघाभर गाळ होता. तो बाबांनी टाकला नव्हता. तो माझा होता आणि गावातल्या प्रत्येक घराचा. मी काठावर बसून राहिलो. आनंद व्हायला हवा होता. पण इतके दिवस मला वाटत होतं की ती माझ्याशी बोलतेय. दोष देत का होईना, बोलतेय.

रात्री मी सासूबाईंना सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्या बाबांच्या शेजारीच जाऊन बसल्या. "ऊन फार आहे हो महाराज," म्हणत त्यांनी छत्री उचलली आणि उघडली. बाबांचा हात हवेतच राहिला. मग सासूबाई खांबाकडे वळून वर्गातल्या आवाजात म्हणाल्या, "हे महाराज आपल्याला फसवताहेत का?"

बाबा उठले. आत्म्याला कुणीही ऐऱ्यागैऱ्यानं विचारायचं नसतं, आत्मा कोपेल, छत्री इकडे द्या, असं बरंच म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, रोजच्याएवढं थांबू, तुम्ही प्रवचन करा. बाबांना शब्द सुचेना. प्रवचन नसल्यामुळे मध्ये किती वेळ जातो ते लोकांना पहिल्यांदाच जाणवलं.

न्हावी म्हणाला, "महाराज, बोला की काहीतरी."

आणि खांबानं उसासा टाकला. एकच, स्वच्छ, लांब.

आधी कुणी हसलं नाही. मग गच्चीवर कुणीतरी फिसकन हसलं आणि चौकच फुटला. मी लोकांना टाकीवर घेऊन गेलो. बाबांचा चेला दोर हातात धरून शेंगा खात होता. एवढी माणसं पाहून तो भांबावला. "संपलं का?" त्यानं विचारलं. सासूबाईंनी निम्मे लोक खाली खांबाजवळ पाठवले आणि शिंप्याकडून गोणी लाववली, टाकी भरल्यावर काढवली. खालून ओरडून सांगितलं गेलं: खांब बोलला. तोवर बाबा मोठ्या रस्त्याला लागले होते.

गाळ काढायला सगळी घरं आली. पाटी उचलून देताना शिंप्यानं मला हळूच विचारलं, मग वहिनी तहानेनं गेल्या की नाही? सासूबाईंनी ऐकलं होतं.

"कुणालाच माहीत नाही," त्या म्हणाल्या. "माहीत नसेल तर माहीत नाही म्हणावं. त्यानं काही बिघडत नाही." आणि पाटी पुढे सरकवली.

माझा अपराध माझ्याजवळच आहे. तो कुणीतरी उतरवून घेईल या आशेनं मी गावाचं पाणी एका लबाडाच्या हाती देणार होतो. तुमचंही कुणी गेलं असेल. त्याच्या वतीनं कुणी बोलू लागला तर त्याला असा प्रश्न विचारा, ज्याचं उत्तर त्याला नको असेल. आणि आवाज जिकडून येतो तिकडे स्वतः चालत जा, झाकण उचलून पाहा. मी जायला उशीर केला.